चुलीला रविवार नाही



संघटनेच्या कचेरीसाठी आम्ही झरीत घर पाहत होतो. एका जुन्या वाड्याच्या स्वयंपाकघरात तीन वस्तू आढळल्या: झिजलेले जाते, पितळी स्टोव्ह आणि इकमिक कुकर. मालक म्हणाले, "ही अडगळ काढून देतो." आम्ही म्हटले, "राहू द्या. हा बायकांच्या श्रमांचा इतिहास आहे."

जाते पहाटेची झोप खाई. १८९२ साली स्वीडनच्या लिंडक्विस्ट यांनी रॉकेलची वाफ जाळणारा बिनवातीचा स्टोव्ह काढला, फुंकणी सुटली. १९१० साली कलकत्त्याच्या इंदुमाधव मलिक यांनी इकमिक केला. खाली निखारे, वर डब्यांची चळत. वरण, भात, भाजी वाफेवर एकदम शिजे.

वेळ वाचला खरा. पण तो कोणाच्या पदरी पडला? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. कामगार घरी राहिला की बाईला चार भाकरी जास्तच थापाव्या लागतात! १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले. त्यात स्वयंपाकघर नाही.

यंत्र श्रम हलके करते. सुटी मात्र माणसांनीच वाटून घ्यावी लागते. येत्या रविवारी काठवट पुरुषांनी पुढे ओढावी, एवढाच ठराव आम्ही आपल्यापुढे मांडतो.