अर्ज आपला, अक्षर कोणाचे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अभनपूर येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही काही बोलावे असा कार्यवाहांचा निरोप आला, तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही कोणी विद्वान नव्हेत. अभनपूरच्या एका राइस मिलमध्ये तीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या, एवढीच आमची विद्या. परंतु विषय कळला आणि संकोच गळून पडला. परदेशप्रवासाचा व्हिसा स्वतः काढावा की एजंटामार्फत, हा तो विषय. या बाबतीत आम्ही उभयतांनी जे सोसले, ते इतरांच्या वाट्यास येऊ नये, एवढ्याचसाठी हे चार शब्द.

आमच्या लहानपणी परगाव म्हणजे रायपूर. अरुंद रुळांवरची छोटी गाडी धमतरीहून येई. तिचा राजिमचा फाटा आमच्याच स्थानकात मिळे. आता ते रूळ गेले. २०२५ साली मोठ्या रुळांची गाडी अभनपूरहून रायपूरला धावू लागली. पण त्याही आधी आपली मुले थेट सातासमुद्रापार गेली होती. आमची कन्या न्यू जर्सीत असते. २०२४ साली तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपली रीत. ते शक्य नव्हते, तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जावे असे ठरले.

एका परिचिताने रायपूरच्या एका एजंटाकडे नेले. गृहस्थ गोड बोलणारे. उभयतांचे अठरा हजार रुपये मेहनताना आणि वकिलातीची फी निराळी. ती त्या वेळी माणशी १८५ डॉलर होती. आम्ही पारपत्रे, छायाचित्रे आणि बँकेची पुस्तके त्यांच्या हवाली केली आणि निश्चिंत झालो. अर्ज संगणकावर भरला गेला. आम्ही तो वाचला नाही. 'वाचायचे काय त्यात, रोजचे काम आहे आमचे,' असे ते म्हणाले आणि आम्ही मान डोलावली.

मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न केला, 'मिलमध्ये तुमची भागीदारी किती?' आम्ही उत्तरलो, 'भागीदारी कसली, साहेब? आम्ही हिशेब लिहीत होतो, आता निवृत्त आहोत.' दुसरा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींना, 'अमेरिकेत काय पाहणार?' त्यांनी खरे ते सांगितले, 'लेकीचे बाळंतपण.' अर्जात मात्र प्रवासाचे कारण निव्वळ पर्यटन असे लिहिलेले होते. दोन मिनिटांत आमच्या हाती नकाराचा कागद पडला.

परतल्यावर त्या अर्जाची प्रत मागून घेतली आणि दिव्याखाली बसून प्रथमच वाचली. निवृत्त हिशेबनीस हा हुद्दा हलका दिसतो, म्हणून एजंटाने आम्हांस मिलचे भागीदार करून टाकले होते. आमच्या भल्यासाठीच केले, असे त्यांचे म्हणणे. त्यांना दोष देण्याआधी आम्हांस आमचीच लाज वाटली. तीस वर्षांत न वाचलेल्या कागदावर आम्ही कधी सही केली नाही, वहीत एक खोटी नोंद होऊ दिली नाही. आणि आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या कागदावर मात्र दुसऱ्याच्या हातचे खोटे आमच्या नावाने गेले. नातवाचा जन्म झाला तो आम्ही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिला. लेकीला तेल-मालीश करावयास, डिंकाचे लाडू द्यावयास तिची आई जवळ नव्हती. हे नुकसान कोणत्या खात्यावर मांडावे?

त्यानंतर आम्ही नियम समजून घेतले. अमेरिकेच्या कायद्यात २१४ (ब) या नावाने ओळखले जाणारे एक कलम आहे. त्यानुसार पाहुणा म्हणून जाऊ इच्छिणारा प्रत्येक जण तेथे कायमचा राहावयासच येत आहे, असे आधी गृहीत धरले जाते. तसे नाही हे पटविण्याचा भार अर्जदारावर असतो. या नकारावर अपील नाही, फी परत मिळत नाही. नवी फी भरून नवा अर्ज मात्र करता येतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. आणि डीएस-१६० नावाच्या त्या अर्जात एक प्रश्न असाही आहे की, हा अर्ज भरण्यास तुम्हांला कोणी मदत केली काय? केली असल्यास त्याचे नाव लिहा. म्हणजे मदत घेण्यास बंदी नाही. मदत लपविण्यास आहे.

दुसऱ्या खेपेस आमचा पुतण्या टंकन करावयास बसला. आम्ही सांगत गेलो, तो लिहीत गेला, आणि शेवटी सौभाग्यवतींनी सारा अर्ज मोठ्याने वाचून घेतला. निवृत्त हिशेबनीस, कन्येकडे नातू पाहावयास जाणे, पूर्वी एकदा नकार, मदतनीस पुतण्या: जे खरे तेच लिहिले. अधिकाऱ्याने मागच्या अर्जाविषयी विचारले. आम्ही म्हणालो, 'तो आम्ही वाचला नव्हता, ही आमची चूक.' त्याने थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि पारपत्रे ठेवून घेतली. नातवाच्या पहिल्या वाढदिवसास आम्ही तेथे होतो. स्वतः अर्ज केला म्हणून व्हिसा मिळाला, असा दावा आम्ही करणार नाही. निर्णय सर्वस्वी त्या अधिकाऱ्याचा. पण या वेळी नकार मिळाला असता, तरी तो आम्हांला मिळाला असता, आमच्या नावाच्या कोणा भागीदाराला नव्हे.

न्यू जर्सीत असताना आनंदीबाई जोशी यांची वारंवार आठवण झाली. त्यांना आश्रय देणाऱ्या कार्पेंटरबाई त्याच राज्यातील रोझेल गावच्या. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा आजच्यासारखा व्हिसा नव्हता. सरसकट व्हिसा मागण्याची पद्धत पहिल्या महायुद्धानंतर रूढ झाली. पण खिडकी त्यांनाही चुकली नाही. ती स्वकीयांची होती. बंगालमधील सेरामपूर येथे फेब्रुवारी १८८३ मध्ये भर सभेत उभे राहून, आपण अमेरिकेस का जातो याचे उत्तर त्यांनी लोकांच्या एकेका आक्षेपास धरून स्वतः दिले. वय अठराही पूर्ण नव्हते. पती गोपाळराव पत्रव्यवहारात कुशल होते. तरी ते उत्तर आनंदीबाईंनी दुसऱ्याच्या तोंडून देवविले नाही.

मग एजंट नकोच काय? असे आमचे म्हणणे नाही. युरोपात शेंगेन व्हिसासाठी निदान तीस हजार युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा, मुक्कामांचा तपशील, आरक्षणे असे बरेच जुळवावे लागते. सहलीबरोबर जाणाऱ्यांना त्यात अनुभवी माणसाचा उपयोग होतो. अनेक देशांचे अर्ज स्वीकारणारी व्हीएफएस ही एजंट नव्हे आणि निर्णय देणारीही नव्हे. ती वकिलातींच्या वतीने कागद आणि बोटांचे ठसे घेते, इतकेच. आखातात नोकरीस जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. तेथे भरती करणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला असलाच पाहिजे, आणि त्याला कामगाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेता येत नाही. हा आकडा आपल्या खेड्यापाड्यांतील तरुणांपर्यंत पोहोचविणे हेही मंडळाचे काम आहे.

तेव्हा एजंट नेमा, पण तीन गोष्टी पाळा. पैशाची पावती घ्या. पारपत्र कामापुरतेच द्या आणि लगेच परत घ्या; कायद्याने ते भारत सरकारची मालमत्ता आहे, कोणाकडे गहाण ठेवण्याची वस्तू नव्हे. आणि अर्ज पाठविण्यापूर्वी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचा; इंग्रजी येत नसेल तर कोणाकडून मराठीत वाचून घ्या. जो एजंट वाचू देत नाही, त्याच्याकडून उठून या.

शेवटी एक विनंती. रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात दोन तरुण संगणक घेऊन बसले, तर ज्येष्ठांचे अर्ज तेथेच भरता येतील. हात त्यांचे असोत, उत्तरे आपली असोत. वाचून घेण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींनी आजच पत्करले आहे. पहिल्या रविवारी चहा आमच्याकडून.