बेबी जेन हडसन : घर चालवणारी मुलगी



हेन्री फॅरेल या अमेरिकन लेखकाची ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांत रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी तिच्यावर चित्रपट काढला. बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड यांनी तो असा गाजवला, की मूळ कादंबरीवरही भयकथेचा शिक्का बसला. भय तिच्यात भरपूर आहे. पण ती वाचताना मला सतत दिसत राहते ती एक मिळवती मुलगी.

जेन हडसन लहानपणी ‘बेबी जेन’ म्हणून व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर गाते, नाचते. गाणी, नकला, कसरती, जादू असं सगळं एका तिकिटात दाखवणारे हे खेळ तेव्हा अमेरिकेत गावोगाव होत. घर जेनच्या कमाईवर चालतं, त्यामुळे तिचा हरेक हट्ट पुरवला जातो आणि बहीण ब्लँच कोपऱ्यात उभी राहते. मग जेन मोठी होते आणि कौतुक आटतं. ब्लँच मात्र सिनेमातली बडी नटी होते, आणि ऐन भरात एका मोटार अपघातात तिचे पाय जातात. दोष जेनच्या माथी येतो. पुढे उतारवयात या दोघी हॉलिवूडच्या एका जुन्या घरात राहतात. एक वरच्या मजल्यावर चाकांच्या खुर्चीत, दुसरी तिला जेवण नेऊन देणारी.

आणि एक दिवस जेन ठरवते, आपण पुन्हा रंगमंचावर जायचं. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ती साथीदार शोधते. एडविन फ्लॅग नावाचा पियानोवादक येतो. जेन त्याच्यासमोर लहानपणीचंच गाणं म्हणते, तसेच हातवारे करत. फ्लॅगला पैशाची निकड आहे, म्हणून तो वाहवा करतो. कादंबरीत क्रौर्याचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण मला सर्वांत जास्त त्रास झाला तो इथं. जेनला जन्मभर कौतुक मिळालं ते असंच, तिच्याकडून काहीतरी हवं असलेल्या माणसांकडून. त्या एका गाण्यापलीकडे आपण कोण, हे शोधायला तिला कुणी सवडच दिली नव्हती.

हॉलिवूडला हे दुखणं चांगलं ठाऊक होतं. चॅप्लिनच्या १९२१ सालच्या ‘द किड’मधला तो पोरका मुलगा, जॅकी कूगन, लहानपणीच लाखो डॉलर कमावत होता. सज्ञान झाल्यावर कळलं की हाती काहीच नाही. १९३८ साली त्याला आपल्या आईवर आणि सावत्र वडिलांवर खटला भरावा लागला. त्यातून १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही हिस्सा राखून ठेवणारा कायदा झाला. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी मुलाच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवणं बंधनकारक केलं, आणि काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, असंही ठरवलं. हे हवंच होतं. टाळ्यांची सवय लागलेल्या मुलाचं पुढं काय, हा प्रश्न मात्र अशा नियमांच्या आवाक्यातला नाही.

इथं मला माधव वझे आठवतात. अत्र्यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’मधला श्याम. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. तो मुलगा पुढे इंग्रजीचा प्राध्यापक झाला, त्यानं नाटकं बसवली, नाट्यसमीक्षा लिहिली. श्याम ही ओळख त्यांना चिकटून राहिली, पण तिच्या शेजारी त्यांनी स्वतःच्या कष्टानं दुसरी ओळख उभी केली. जेनला अशी वाट कुणी दाखवलीच नाही.

चित्रपट पाहिला असला तरी कादंबरी जरूर वाचा. पडद्यावर बेटी डेव्हिसच्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याची धास्ती वाटते. पुस्तकात जेनच्या मनात शिरता येतं आणि तिची कीव येते. अपघाताच्या रात्री खरं काय घडलं, ते अखेरीस उलगडतं. ते मी सांगणार नाही. जेनला ते वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर त्या घरात दोघी बहिणी बहिणींसारख्या राहिल्या असत्या.