दंडावरची पट्टी



यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी आणि केळापूरकडे, कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत.
कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते.
लेकरू वाळत चाललंय, हे रोजच्या डोळ्यांना उमगत नाही.

पट्टीला उमगतं.

अंगणवाडीतल्या या पट्टीवर तीन रंग असतात.
६ महिने ते ५ वर्षांच्या बाळाचा डावा हात सैल सोडायचा.
खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळायची.
आवळायची नाही. ढिली ठेवायची नाही.

हिरवा आला, तर दंड ठीक.
पिवळा म्हणजे मध्यम कुपोषण.
लाल म्हणजे तीव्र कुपोषण. दंड ११.५ सेंटिमीटरहून बारीक.

लाल रंग म्हणजे थांबायचं नाही.

सेविका वजन-उंचीही घेते. बाळाची दोन्ही पावलं अंगठ्याने दाबून पाहते.
दोन्हीकडे खड्डा राहिला, तर ती सूज आहे. बाळ गुटगुटीत वाटतं, पण धोका मोठा.
मग पट्टी हिरवी असली, तरी दवाखाना गाठायचा.

लाल रंग आलेलं बाळ आजारी असेल किंवा खात नसेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात.

मायबापहो, या आठवड्यात अंगणवाडीत जा. लेकराचा दंड मोजून घ्या.
आणि रंग कोणता आला, ते विचारा.