वाशीम पाहू या

मंडळी, वाशीमला आपण नेहमी जातो. कधी बाजाराला, कधी कचेरीत, कधी नुसती एसटी बदलायला. काम झालं की पिशवी उचलायची आणि परत फिरायचं. आज आपण गाव पाहायला म्हणून जाऊ.

आधी बालाजीचं दर्शन घेऊ. हे मंदिर भवानी काळू यांनी 18व्या शतकात बांधलं. ते साबाजी भोसल्यांचे दिवाण. जवळच दगडी बांधणीचा देवतलाव आहे. उत्तरेकडे पद्मतीर्थ लागतं. ते विष्णूनं निर्माण केलं, अशी कथा सांगतात.

हे झालं डोळ्यांना दिसणारं. पण वाशीम याहून फार जुनं आहे. त्याचं जुनं नाव वत्सगुल्म. इथे वत्स ऋषींचा आश्रम होता म्हणे. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव. त्यानं अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं कोरवून घेतलं. अजिंठा पाहायला लोक लांबून येतात, पण त्यात आपल्या वाशीमचा हात आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

1939 साली वाशीमला एक ताम्रपट मिळाला. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला कागदच समजा. तो आहे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा, विंध्यशक्ती राजाचा. आजच्या नांदेडकडचं एक गाव त्यानं ब्राह्मणांना दान दिलं, त्याचं हे लेखी.

आम्हाला यातला सवलतींचा भाग फार मोलाचा वाटतो. शिपायांनी या गावात शिरू नये. पाळीनं बैल मागू नयेत. फुलं आणि दूध घेऊ नये. खाटा, भांडी मागू नयेत. कर घेऊ नये.

आता उलटा विचार करा. हे सगळं घेतलं जात होतं, म्हणून तर मनाई लिहावी लागली! ज्या गावांना असा पत्रा मिळाला नाही, त्यांच्या दारी शिपाई येत असतील. घरची खाट आणि गोठ्यातला बैल नेत असतील.

आणखी एक गंमत. राजानं आपल्या घराण्याची थोरवी संस्कृतात लिहवली. गावाच्या सवलती मात्र प्राकृतात, म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या बोलीला जवळच्या भाषेत. त्या प्राकृतातूनच पुढे आपली मराठी आली. ते शब्द ऐका: पुप्फ म्हणजे फूल, खीर म्हणजे दूध, खट्टा म्हणजे खाट. शेवटचा तर आपण आजही जवळजवळ तसाच बोलतो.