बर्फ नसलेला ध्रुवप्रदेश



वाळवंट म्हटले की तापलेली वाळू डोळ्यांपुढे येते. परंतु वाळवंट ठरते ते कोरडेपणाने, उष्णतेने नव्हे. अंटार्क्टिकातील मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्याच पाहा. तेथे वर्षाचे सरासरी तापमान उणे १५ ते उणे ३० अंश सेल्सिअस. तरीही जमिनीवर बर्फ जवळजवळ नाही, नुसते खडक आणि खडी. पठारावरच्या प्रचंड हिमस्तराला पर्वतरांगा अडवून धरतात. उंचावरून खाली येणारे कोरडे, सोसाट्याचे वारे पडलेले थोडेसे हिम न वितळताच वाफ करून नेतात.

१९०३ साली कॅप्टन स्कॉट यांना तेथे सजीवाचा मागमूस दिसला नाही. मात्र १९७६ साली फ्रीडमन व ओकाम्पो या संशोधकांनी तेथील वालुकाश्म फोडून पाहिला. पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरांवर नीलहरित शेवाळ जिवंत होते! सच्छिद्र दगडात त्याला ऊन, ओल आणि वाऱ्यापासून आडोसा मिळत होता.

विद्यार्थ्यांनो, पुस्तकात ‘ओसाड’ शब्द आला की तेथेच थांबू नका. आणि पालकहो, मुलाने ‘कशावरून?’ असे विचारले तर त्याला गप्प बसवू नका. दगड फोडून पाहण्याची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते.