‘कुणाची सून?’ असं विचारतात तेव्हा

मंद्रूपहून बोलतेय.

मागच्या वेळी मी घरातल्या घरात लिहायला सुरुवात कशी करावी यावर बोलले होते. त्यानंतर बऱ्याच जणींनी केंद्राकडे निरोप ठेवले. त्यातल्या चार-पाच जणींचा प्रश्न एकच आहे. आमचं घर देवाधर्माचं, माळकरी. लग्नपत्रिका सोडली तर घरातल्या बाईचं नाव कधी छापून आलेलं नाही. आम्ही काही लिहिलं आणि लोक बोलायला लागले, तर काय करायचं? आज तेवढ्यावरच बोलते.

लोक बोलणार, हे धरूनच चाला. पण ते काय बोलतात ते नीट ऐका. पुरुषानं कथा लिहिली की विचारतात, कशी आहे? आपण लिहिली की विचारतात, कुणाची? म्हणजे कथा कुणाची नव्हे, बाई कुणाची. कुणाची मुलगी, कुणाची सून, सासरचे काय म्हणाले, नवऱ्यानं कसं छापू दिलं. या सगळ्यात कथा मागंच राहते.

हे आजचं नाही. आपल्या सोलापूरशी ज्यांचं नातं आहे अशा एका बाईंचीच गोष्ट सांगते. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचं कथांचं पुस्तक निघालं. वर लेखिकेचं नाव, विभावरी शिरूरकर. त्यात शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुली होत्या. पगार घरात येतो म्हणून त्यांच्या लग्नाची घाई कुणाला नाही, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही. विभावरींनी ते लिहिलं. त्याच सुमारास त्यांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नवऱ्यानं टाकलेली बाई पुन्हा प्रेम करते, तिला मूल हवं असतं. त्या काळात हे छापून आल्यावर काय गदारोळ झाला असेल, तुम्हीच विचार करा. आणि गदारोळातला मोठा भाग कसला, तर ही विभावरी आहे तरी कोण याचा. बाईच्या नावाआड कुणी बुवा तर लिहीत नाही ना, इथपर्यंत लोकांचे तर्क गेले.

विभावरी म्हणजे रात्र. शिरूर म्हणजे पुणे जिल्ह्यातलं घोडनदीचं शिरूर. त्या रात्रीआड होत्या बाळूताई खरे, कन्याशाळेतल्या शिक्षिका, तोवर लग्न न झालेल्या. पुढं 1938 साली विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या.

आता यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मालतीबाईंचं घर सनातनी नव्हतं. वडील अनंतराव खरे सुधारक विचारांचे. आई इंदिराबाईंनी पंचवीस वर्षं दुधाचा धंदा सांभाळला. मुलीला त्यांनी लहान वयात हिंगण्याला, कर्व्यांच्या संस्थेत शिकायला ठेवलं. अशा घरच्या मुलीलासुद्धा नाव झाकून लिहावं लागलं. म्हणून टोपणनाव घेणारीला कुणी भित्री म्हटलं की मला राग येतो. नोकरी सांभाळायची, धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची, आणि तरी लिहायचं, तर नाव झाकणं हा शहाणपणाच आहे. मात्र ते फार दिवस टिकेल या भरवशावर राहू नका. आपल्याकडं तर अजिबातच नाही. मंद्रूपच्या बाजारात मेथीच्या जुडीबरोबर बातमी घरी येते.

बाळूताई 1936 साली शाळा सोडून सोलापूरला आल्या, सेटलमेंटच्या नोकरीवर. सोलापुरात सेटलमेंट हे नाव आजही आहे, पण ते कशामुळं पडलं हे आपल्या पोरांना माहीत नसतं. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड वस्ती करून ठेवलं. आत जायला-यायला हजेरी. तो कायदा देशभरातून गेला 1952 साली. त्या कुंपणाआडच्या माणसांत या बाई चार वर्षं काम करत होत्या. त्यातून पुढं 1950 साली ‘बळी’ ही कादंबरी आली.

मध्यमवर्गातल्या मुलींवर लिहिलं म्हणून ज्यांना बोल लागले होते, त्यांनी पुढं काय केलं बघा. लोकांशी वाद घालत बसल्या नाहीत. ज्यांच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं अशा माणसांत जाऊन राहिल्या आणि त्यांच्यावर लिहिलं. त्यानंतर 1953 साली ‘खरेमास्तर’ आलं, स्वतःच्या वडिलांवरचं. ‘कळ्यांचे निःश्वास’नंतर तब्बल वीस वर्षांनी. घरच्या माणसावर लिहायला एवढा वेळ लागतो. आणि 1981 साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्ष म्हणून मालतीबाईंनाच बोलावलं.

आता कुणी म्हणेल, त्या पुण्याच्या, शिकलेल्या. आपल्या माळकरी घरात हे चालायचं नाही. बाई लिहिते, असं आपल्यात नसतं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! आपल्यात म्हणजे कुणात? आपल्याच तालुक्यात, भीमा आणि सीना मिळतात तिथं, हत्तरसंग कुडलच्या देवळात तुळईवर शके 940 चा लेख आहे. म्हणजे इसवी सन 1018 चा. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो मोजतात. आणि त्याचा अर्थ काय, तर जो हे वाचील तो विजयी होईल. देवळानंच सांगितलंय, वाचा म्हणून. वाचणारी बाई एखाद दिवशी लिहायचीच.

आणि बाईनं लिहायचं म्हणाल, तर आपल्या वारकऱ्यांत शिऊरच्या संत बहिणाबाई आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या. नवरा वेदशास्त्र मानणारा ब्राह्मण, वयानं कितीतरी मोठा. बायकोनं तुकोबांना गुरू मानलं, ब्राह्मण नसलेल्याला, म्हणून तो संतापला, मारलं. हे आपल्याला कुणी सांगितलं? बहिणाबाईंनीच. आपल्या अभंगांतून स्वतःचं आयुष्य त्यांनी सांगून ठेवलं, नवऱ्याच्या माराबद्दलही लपवलं नाही. सप्ताहात त्यांचे अभंग म्हणतो, तेव्हा आपण एका बाईचं आत्मचरित्रच म्हणत असतो. मग आपल्यात नसतं कसं?

इथं एक थांबून सांगते. लिहिण्यावरून घरात हात उचलला जात असेल तर तिला टीका म्हणू नका. तो गुन्हा आहे. 181 हा महिलांचा मदत क्रमांक आहे, 112 वर पोलीस येतात. हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

लक्ष्मीबाई टिळकांचं मात्र वेगळं. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. त्या वेडानं अख्खं घर जेरीला आलेलं. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला, पाच वर्षांनी त्याही झाल्या. नातेवाइकांनी काय काय म्हटलं असेल! पण ‘स्मृतिचित्रे’ वाचा. 1934 पासून ती पुस्तकरूपानं येऊ लागली. वडिलांचं वेड त्यांनी एवढं हसत हसत सांगितलंय की वाचताना आपण हसतो, आणि त्या माणसाचा द्वेष काही करत नाही. घरच्या धर्मावर लिहायचं झालं तर रागानंच लिहावं लागतं असं थोडंच आहे? मला स्वतःला हा रस्ता जास्त आवडतो. अर्थात सगळ्यांना तो जमतो असं नाही, आणि काही गोष्टी हसण्यासारख्या नसतातच.

आता माझं थोडं. माहेर भीमेकाठचं. आण्णा कीर्तन करतात. घरात सिनेमा नाही, कादंबरी नाही. पुस्तकं म्हणजे ज्ञानेश्वरी, गाथा, हरिविजय, भक्तिविजय. लोक म्हणतात, अशा घरातून तू लिहायला कशी लागलीस? मी म्हणते, अशाच घरातून लागले. शब्द कुठून आले? रोज संध्याकाळी हरिपाठ, पहाटे काकडा. कीर्तनकार एक ओवी घेऊन तासभर कशी फिरवतो, मध्येच दृष्टांत देऊन माणसांना हसवतो, हे बघतच मी मोठी झाले. गोष्ट सांगायची म्हणजे काय, हे मला कुठल्या वर्गात शिकायला लागलं नाही.

माझी एक कथा दिवाळी अंकात आली. सप्ताहाची. सात दिवस गावाचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांची. मंडपात कीर्तन चाललंय, आणि या बायका पत्र्याच्या शेडमध्ये भाकरी थापत कर्ण्यातून येईल तेवढं ऐकतायत. काल्याच्या दिवशीसुद्धा. एवढंच होतं हो त्यात. पण अंक गावात आला आणि मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भेटायला चार माणसं आली. धर्माची बदनामी झाली म्हणाले. घराण्याचं नाव छापून आणलं म्हणाले. मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, कथा वाचली का? चौघांपैकी एकानंही वाचली नव्हती. मामांनी मला आत जायला सांगितलं. पण ती माणसं गेल्यावर चष्मा मागून घेतला आणि अंक घेऊन बसले.

वाचलंय का, हा प्रश्न तुम्हीही विचारा. भांडून नाही, साधेपणानं. ज्यानं वाचलं नाही त्याचं बोलणं तुमच्या घराबद्दल असतं, लिखाणाबद्दल नसतं. त्याला उत्तर द्यायला कथा कामाची नाही. आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर काहीच लिहू नका. तिथं एकजण वाचतो आणि वीसजण बोलतात.

छापायच्या आधी घरच्या जवळच्या माणसाला सांगावं का? मी म्हणते सांगावं. विचारायचं नाही, सांगायचं. विचारलं की नाही म्हणतील, आणि मग छापलं तर शब्द मोडला असं होतं. सांगितलं की निदान त्यांना बाहेरून कळत नाही. मी आत्याबाईंना आधी वाचून दाखवली होती. ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, भाकरीचं पीठ कमी लिहिलंयस, तेवढ्यात पंगत होत नाही. पिठाचा आकडा वाढवून घेतला.

दुसऱ्याची गुपितं मात्र आपली नव्हेत. जावेचा आजार, भावाचं दारूचं, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न. आपण लिहिणाऱ्या, म्हणून ते आपल्या मालकीचं होत नाही. गाव बदला, धंदा बदला, दोन माणसांचं एक करा. एवढं करूनही ओळख पटत असेल, तर ती गोष्ट वहीत राहू द्या. मालतीबाईंना वडिलांसाठी वीस वर्षं लागली, आपल्याला कसली घाई आहे?

आण्णांनी कथा वाचली. दोन एकादश्या माझ्याशी बोलले नाहीत. मग फोनवर म्हणाले, लिहिलंयस ते खोटं नाही, पण चारचौघांत सांगायचं होतं का? मी म्हटलं, आण्णा, तुम्हीपण चारचौघांतच उभे राहून सांगता की. त्यावर म्हणाले, मी देवाचं सांगतो. या मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही. दर एकादशीला फोन होतो, पिकाचं, पावसाचं, नातवंडांचं सगळं बोलतो, आणि एवढं सोडून देतो. सगळ्यांची समजूत पटलीच पाहिजे असा हट्ट धरला असता तर पुढची ओळ लिहून झाली नसती.

आणि खरी टीका आली ती कुठून, सांगू? त्या पत्र्याच्या शेडमधूनच. आमच्या वस्तीवरच्या एक मावशी, सत्तरीच्या पुढच्या, लिहिता-वाचता येत नाही. नातीकडून पूर्ण कथा ऐकली. मग घरी आल्या आणि म्हणाल्या, चुलीचं लिहिलंस, धुराचं लिहिलंस, ते झालं. आता आम्ही तिथं हसतो किती, ते लिही. सात दिवस सासू नाही, मालक नाही, सगळ्या बरोबरीच्या एका जागी. पाठवणीला आलेल्या लेकी भेटतात. वर्षाचं हसून घेतो आम्ही. त्यांनी कथा ऐकली होती आणि त्या कथेबद्दलच बोलत होत्या. कुणाची मुलगी, कुणाची सून, हे त्यांनी मध्ये आणलंच नाही.

त्या हसण्याची गोष्ट आता लिहायला घेतलीय. आठ पानं झालीत. परवा मावशी दळण घेऊन जाताना दारात थांबल्या आणि विचारलं, माझं नाव काय ठेवलंस त्यात? मी सांगितलं, मावशी, नाव बदललंय, कुणाला ओळख पटू नये म्हणून. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. म्हणाल्या, का म्हणून? माझंच नाव घाल.