औषध, अपाय आणि न्याय

मनुष्य औषध घेतो तो विश्वासाने. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहावी, औषधविक्रेत्याने गोळ्या मोजून द्याव्यात आणि रुग्णाने त्या निमूटपणे गिळाव्यात, या व्यवहारात शंकेला सहसा जागा नसते. बहुतेक वेळा हा विश्वास सार्थही ठरतो. परंतु क्वचित असे घडते की, रोग हटविण्यासाठी घेतलेली गोळीच शरीरावर उलटते. प्रथम ताप येतो, घसा दुखतो, डोळ्यांची आग होते. मग अंगावर लाल चट्टे आणि तोंडात फोड उठतात. आणि अखेर भाजल्याप्रमाणे कातडी सुटू लागते.

स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली या विकाराचे वर्णन केले. त्याच्या अधिक उग्र रूपाचे वर्णन १९५६ साली लायेल या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञाने केले. शरीरावरील ३० टक्क्यांहून अधिक कातडी सुटली, तर सुमारे तिघांपैकी एक रुग्ण दगावतो. जे वाचतात त्यांतील अनेकांच्या डोळ्यांना कायमची इजा होते. याला कारण होणारी औषधे मात्र नित्याचीच आहेत : सल्फा वर्गातील औषधे, अपस्मारावरील कार्बामाझेपिन, फेनिटॉइन व लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल. धोका बहुधा औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो. म्हणून अशी लक्षणे दिसताच विलंब न लावता डॉक्टरांना गाठणे आणि संशयित औषध थांबविणे, हाच पहिला उपाय होय.

आता प्रश्न येतो न्यायाचा. श्रोतेहो, येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घेतली पाहिजे. औषधाने अपाय झाला, एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. कायदा विचारतो तो कर्तव्याविषयी. पूर्वी ज्या औषधाचा त्रास झाला होता तेच पुन्हा दिले काय? लक्षणे दिसूनही ते चालू ठेवले काय? उपचार मान्य पद्धतीने झाले काय? उत्पादकाने धोक्याची पुरेशी सूचना दिली होती काय?

या बाबतीत अनुराधा साहा यांचे प्रकरण उद्बोधक आहे. अमेरिकेत राहणाऱ्या या तरुणीला १९९८ साली कलकत्त्यात हाच त्वचाविकार जडला. ज्या स्टिरॉइडचा परिणाम शरीरात दीर्घकाळ टिकतो, त्याचे इंजेक्शन तिला दिवसातून दोनदा देण्यास सांगण्यात आले. पुढे तिला मुंबईस हलविले. तेथे २८ मे रोजी तिचा अंत झाला. पतीने दाद मागितली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००६ साली तक्रार फेटाळली. परंतु २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी आरोप अमान्य करूनही उपचारातील हयगय सिद्ध झाल्याचे म्हटले, आणि २०१३ साली सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई ठरविली. न्याय मिळाला, त्यासाठी पंधरा वर्षे लागली.

सामान्य माणसाला कोणते मार्ग खुले आहेत? मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ सालीच ठरले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. त्याच कायद्याने सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकासही जबाबदार धरले आहे. मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावयाच्या औषधाबाबत उत्पादकाने तज्ज्ञास योग्य इशारा दिला असेल, तर सूचना दिली नाही हा दावा टिकत नाही. सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याबाहेर असली, तरी दिवाणी न्यायालयाचे दार बंद नाही. महाराष्ट्रातील एका शासकीय रुग्णालयाच्या हयगयीबद्दल १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनास जबाबदार धरले होते. फौजदारी खटल्यास मात्र साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

कोणत्याही मार्गाने गेले तरी पुरावा हवाच. कागद नसेल तर खरी हकीकतही दुबळी पडते, हे शासकीय कामकाजाशी संबंध आलेल्या कोणालाही ठाऊक असते. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचे बिल आणि गोळ्यांचे वेष्टन जपून ठेवावे. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून उपचारांच्या नोंदींची नक्कल मागावी. अपायाची वार्ता २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमासही कळवावी. रुग्ण स्वतःही ती कळवू शकतो. त्यातून भरपाई मिळत नाही. पण पुढच्या रुग्णास इशारा मिळतो.

तथापि एक उणीव राहतेच. डॉक्टर दक्ष, औषध निर्दोष, सूचना पुरेशी, आणि तरीही एखाद्याची दृष्टी गेली, तर त्याने कोणाकडे पाहावे? जपानने अशांसाठी १९८० साली औषध-उत्पादकांच्या वर्गणीतून साहाय्याची व्यवस्था उभारली. आपल्याकडे नव्या औषधाच्या चाचणीत इजा झालेल्यास भरपाईचे नियम आहेत. नित्याचे औषध घेणाऱ्यास अशी तरतूद नाही. औषधांचा लाभ सारा समाज घेतो. त्याची जबर किंमत ज्या थोड्यांना मोजावी लागते, त्यांचा भार समाजाने उचलणे ही दया नव्हे. तो न्यायच होय.